बाविसाव्या पानावरचा फुगा

४ जून

धाकट्या,

पत्राच्या वरच्या बाजूला जे जे लिहायची पद्धत आहे ते सगळं मी लिहिलंय असं समज. आशीर्वाद तू माझ्याकडून घेणार नाहीस, आणि बावीस वर्षांनी ‘खुशाली कळव’ म्हणायला माझी जीभ कितीही लांब असली तरी तेवढी नाही. म्हणून थेट कामाचं लिहिते. सोबत एक फॉर्म आहे. दुसऱ्या पानावर सही कर आणि परत पाठव. पाकीट जोडलंय, तिकीट लावलंय, पत्ताही लिहिलाय. आळसाला जागा ठेवलेली नाही.

आपला ‘सोसाट्या’ परत निघतोय. सगळा नाही, एकच अंक. कुठला ते तुला सांगायला नको.

म्हातारे प्रकाशक गेले, आता त्यांची लेक सगळं बघते. परवा ती घरी आली आणि मीच लिहिलेल्या गोष्टीची माहिती मलाच द्यायला लागली. मी चहाचा कप हातात धरून, जणू पहिल्यांदाच ऐकतेय अशा चेहऱ्याने ऐकून घेतली. मागच्या कव्हरवरचा मजकूरही तिने तयार करून आणला होता. तुझी करमणूक व्हावी म्हणून उतरवून देते:

“सोसाट्या! वाऱ्याच्या वेगाने उडणारा, शहरातली प्रत्येक हाक ऐकू येणारा महानायक! अठ्ठेचाळीस अंकांत त्याने धरणं सावरली, पूल पेलले, राक्षस लोळवले. पण वाचक आजही विसरलेले नाहीत तो एकच अंक: एकेचाळिसावा. ना खलनायक, ना मारामारी, ना ‘पुढील अंकी’. एक खोली, एक बडबडे आजोबा आणि त्यांच्या तावडीत दिवसभर अडकलेला सोसाट्या! बहीण-भावाच्या जोडीने केलेली धमाल: शब्द बहिणीचे, चित्रं भावाची.”

“ताई, तुम्हाला कल्पना नाही, लोकांना हा अंक तोंडपाठ आहे,” ती म्हणाली.

मला कल्पना नाही! वीस वर्षं दर आठवड्याला वर्तमानपत्रात मी मोठमोठ्यांच्या टोप्या उडवते, चार खटले अंगावर घेतले, दोन मानपत्रं घेतली. पण कुठेही भाषणाला उभी राहिले की मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडतोच, “आत ये नाहीतर बाहेर जा, दोन्हीकडचा वारा एकदम चालणार नाही!” आणि सभागृह खो-खो हसतं. मीही हसते. त्या आजोबांच्या एका वाक्यापुढे माझं बाकीचं सगळं लिखाण म्हणजे रद्दीची पूर्वतयारी.

तर तिला हा अंक नव्याने काढायचाय आणि माझ्याकडून चार पानांची प्रस्तावना हवीय: ‘तो अंक कसा घडला’. चित्रांचा हक्क तुझा, म्हणून तुझी सही. एवढंच.

पत्ता तुझ्या बायकोने दिला. तिच्यावर चिडू नकोस. मी तुझा फोन नंबर मागितला तर म्हणाली, “ताई, पत्रच पाठवा. फोनवर तुम्ही दुसऱ्याला बोलू देत नाही.” हुशार आहे. तुझी निवड चांगली होती हे लग्नाला बोलावणं नव्हतं म्हणून तेव्हा म्हणता आलं नाही, आता म्हणते.

तू काय काम करतोस ते मात्र मला तिने सांगण्याआधीच कळलं होतं. दोन वर्षांपूर्वी कपडे धुवायचं यंत्र घेतलं. त्याच्या माहितीपुस्तिकेत एक हात झाकण उचलतो, एक हात नळी जोडतो, आणि अंगठ्याच्या मुळाशी एक छोटी वळणदार रेघ आहे. ती रेघ मी शंभर अंगठ्यांतून ओळखेन. कुणीही काही बोलत नाही अशी चोवीस चित्रं. यंत्र बिघडलं, ते देऊन टाकलं. पुस्तिका ठेवली आहे.

तू तेव्हा असा तडकाफडकी का गेलास हे मला कधीच नीट कळलं नाही. बाबांच्या जाण्याने तू फार हललास, असं मी लोकांना सांगत आले. तेच खरं असणार.

सही तेवढी कर.

ताई

१९ जून

धाकट्या,

फॉर्म आला नाही. टपालखात्यावर ढकलावं म्हटलं, पण त्या बिचाऱ्यांवर आधीच माझे तीन लेख झालेत.

हे पत्र त्यासाठी नाही. प्रकाशकांच्या गोदामातून एकेचाळीसची मूळ पानं मिळाली. तुझ्या हातची, शाईची, चोवीसच्या चोवीस. लेक स्वतः घेऊन आली, टेबलावर ठेवली आणि “तुम्ही निवांत बघा” म्हणून गेली. मी निवांत पहिलं पान उचललं आणि त्यावरचे संवादांचे फुगे पटापट मांडीत पडले.

गोंद वाळला होता रे. अक्षरकाकांनी त्यांच्या त्या गोल, टपोऱ्या अक्षरांत पांढऱ्या कागदावर संवाद लिहायचे, कात्रीने फुगा कापायचा आणि तुझ्या चित्रावर चिकटवायचा. बावीस वर्षांत गोंदाने जीव सोडला. दुसरं पान उचललं, पुन्हा पडले. शेवटी मी पदराची झोळी केली. माझे जुने विनोद, झोळीभर. आणि समोर तुझी पानं. त्यांच्यावर एक अक्षर नाही.

आपली पद्धत आठव. मी एका कागदावर गोष्ट लिहून द्यायची, तू चित्रं काढायचीस, आणि प्रत्येक चौकटीच्या वरच्या भागात फुग्यांसाठी जागा मोकळी सोडायचीस. “आकाश सोडलंय, भर,” असं म्हणून पानं माझ्या टेबलावर आपटायचास. मी भरायचे. चाळीस अंक असंच झालं.

एकेचाळीसची गोष्ट मी दिली नव्हती. बाबा गेल्यावर महिन्याभराने तू स्वतःच पानं घेऊन आलास, टेबलावर ठेवलीस आणि काही न बोलता निघून गेलास. छापखान्याची तारीख डोक्यावर बसली होती. मला वाटलं, नेहमीसारखंच आहे, भरायचं. दोन दुपारींत भरलं.

काल मी बघितलं, कुठल्याच चौकटीत तू आकाश सोडलेलं नाही. छत पार वरच्या रेघेपर्यंत काढलंयस, त्यावरच्या ओलीच्या डागासकट. फुग्याला बोटभर जागा नाही. म्हणून तर काकांना ते छातीवर, हातावर, चादरीवर, मिळेल तिथे चिकटवावे लागले.

आणि आजोबांचं तोंड मिटलेलं आहे. ते आहेत त्या प्रत्येक पानावर. उजवा कोपरा जरा खाली उतरलेला, ओठ बंद. ते एकदाही बोलत नाहीत. त्या तोंडात मी एकशे सदतीस फुगे कोंबले होते.

आता तुझीच गोष्ट मी तुला सांगते, कारण ती मी काल पहिल्यांदा वाचली. सोसाट्या उडत चाललाय आणि मध्येच थांबून कानावर हात धरतो. खाली सगळं शहर आपापल्या कामात, कुणीच ओरडत नाहीय. तरी त्याला हाक ऐकू येते. तो खिडकीतून आत येतो. पलंगावर एक माणूस, उजवा हात पांघरुणात मेल्यासारखा. डावा हात उचलून तो काहीतरी दाखवतो. सोसाट्या पाणी देतो. ते नको असतं. उशी सारखी करतो. तेही नको. मग त्यांची दाढी करतो, चार चौकटी भरून, गालाला आतून जीभ लावता येत नाही म्हणून स्वतःच्या बोटाने कातडी ताणून. मग कूस बदलतो, एक हात मानेखाली, एक गुडघ्याखाली. पूल पेलणारा माणूस, आणि एका म्हाताऱ्याला उचलताना त्याच्या कपाळावर घाम काढलायस. ते उचलणं मला माहीत आहे. बाबांच्या आजारपणात अकरा महिने रविवारी-रविवारी येऊन मी ते खुर्चीत बसून बघितलंय.

आणि तो डावा हात पानामागून पान दाराकडे. पाणी घेतलं, दाढी झाली, कूस बदलली, तरी पुन्हा दाराकडे.

त्या हातावर माझा फुगा होता: “उडत आलास ते ठीक, पण चपला दाराबाहेर काढल्यास का?” या वाक्याला हशा कसा पडायचा, तुला सांगू?

शपथेवर सांगते, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं. घाई होती, विनोदांची यादी समोर ठेवून लिहीत गेले, चित्रांकडे कुणी बघितलं? लिहिणारी माणसं चित्रं बघत नाहीत, जागा बघतात.

बाविसावं पान मात्र अजून पाहायचं राहिलंय. त्यावरचा फुगा तेवढा निघालेला नाही. पक्का बसलाय.

ताई

२ जुलै

धाकट्या,

अक्षरकाकांकडे जाऊन आले. प्रस्तावनेसाठी चार आठवणी मिळतील असं स्वतःला सांगून गेले. ते आता मुलीकडे असतात, तिसऱ्या मजल्यावर, आणि दिवसभर बाल्कनीत बसून समोरच्या दुकानांच्या पाट्यांना शिव्या देतात.

“कोण?”

“मी, काका. सोसाट्याची.”

“अरे वा, लेखिकाबाई! या. आवाजावरून ओळखलं. डोळे गेले माझे. ती समोरची पाटी दिसते का तुम्हाला?”

“दिसते.”

“कशी आहे?”

“बरी आहे की.”

“म्हणजे माझे गेले तेच बरं झालं.”

तुझं विचारलं. मी म्हटलं, मजेत आहे. मग मी मुद्द्यावर आले, हसत-हसत, माझ्या नेहमीच्या पद्धतीने. “काका, काय गंमत बघा, एकेचाळीसमधल्या आजोबांचं तोंड चोवीस पानं बंद आहे, आणि आपल्या कुणाच्या लक्षातच आलं नाही!”

म्हातारा हसला नाही.

“आपल्या कुणाच्या?” ते म्हणाले. “लेखिकाबाई, फुग्याला शेपटी असते आणि शेपटीला तोंड लागतं. तीस वर्षं मी तेच केलं, तोंड शोधायचं आणि शेपटी तिकडे वळवायची. पहिल्याच पानावर मी तुमच्याकडे आलो. म्हटलं, हा माणूस बोलत नाहीय, याला शेपटी कुठे लावू? तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणाले?”

“‘काका, म्हातारी माणसं तोंड मिटूनही बोलतच असतात.’ सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो. आमची नोकरी होती.”

आतून त्यांच्या मुलीने पाणी आणून दिलं. मी उगाच पेला पुसत बसले.

“आणि बावीस नंबर,” ते म्हणाले. “तो तर तुम्ही तीनदा परत पाठवलात. पहिल्यांदा लावला, म्हणालात, मोठा करा. दुसऱ्यांदा लावला, अजून मोठा. मी म्हटलं, बाई, वाक्य एवढंसं आणि फुगा एवढा? आत काय हवा भरायचीय? तिसऱ्यांदा तुम्ही स्वतः उभ्या राहिलात आणि म्हणालात, गोंद जास्त लावा. त्या बाईचा चेहरा आख्खा झाकला गेला. चांगला काढला होता हो त्याने.”

“कुठल्या बाईचा?” मी विचारलं.

ते माझ्या बाजूला वळले. त्यांना दिसत नाही, तरी वळले.

“डोळे माझे गेलेत, लेखिकाबाई.”

मी उठले. दारापर्यंत आले तेव्हा ते पाठीमागून म्हणाले, “अंक छापून आला त्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला होता. विचारलं, काका, बावीसवरचा फुगा एवढा मोठा कसा झाला? मी म्हटलं, तुझ्या बहिणीला विचार. तर म्हणाला, नको, कळलं.”

तिथून तू घरी गेलास, बॅग भरलीस आणि गेलास. दोन वाक्यांचं तुझं राजीनामापत्र म्हाताऱ्या प्रकाशकांनी मला दाखवलं तेव्हा मी काय म्हणाले, माहीत आहे? “कलाकार आहे हो. हळवा.” उरलेले सात अंक मग दुसऱ्याच्या चित्रांवर काढले.

मागच्या पत्रातली शपथ परत घेते. बाकीच्या पानांवरची तोंडं बघितली नव्हती असं म्हणायला अजून थोडी जागा आहे, मी ती जागा सोडायला तयार नाही असंही वाटतं. पण बाविसावं पान मी बघितलं होतं. सगळ्यात आधी तेच बघितलं होतं.

ताई

११ जुलै

धाकट्या,

फुगा काढला. ओल्या कापसाने कडा भिजवत सगळी दुपार गेली. खाली काय आहे ते मला माहीत होतं, तरी हात हळू चालवला, शाई जाऊ नये म्हणून. की उशीर व्हावा म्हणून, देव जाणे.

एकविसाव्या पानावर सोसाट्याला शेवटी कळतं की हा हात दार दाखवत नाही, माणूस मागतोय. तो उडतो. बाविसाव्या पानावर एकच मोठी चौकट: तो एका काचेबाहेर उभा आहे. आत टेबलाभोवती चौघं. मधली बाई हसतेय. शेजारी शिपाई फोनचा रिसीव्हर छातीशी धरून उभा, आणि ती बाई न बघताच त्याच्याकडे हात हलवतेय: नाही म्हणून सांगा. सोसाट्याच्या कानाशीही रिसीव्हर आहे. तेविसाव्यावर तो एकटा परत येतो. चोविसाव्यावर त्याने मुखवटा काढून बाजूला ठेवलाय आणि तो हात धरून बसलाय. पण आता तो हात दाराकडे नाही.

तो गुरुवार होता. रविवारखेरीज त्या आठवड्यात गुरुवारही माझा ठरला होता, सकाळपासून. मी सकाळी निरोप पाठवला की काम निघालं. तू अकराला शेजाऱ्यांकडून फोन केलास, बाराला केलास. मी दोन्ही वेळा ‘बाहेर गेल्यात’ म्हणून सांगायला लावलं. मग दोनच्या सुमाराला शिपाईमामा परत आले.

“ताई, भावाचा फोन.”

“सांगा, नाहीये.”

“तिसऱ्यांदा करतायत.”

“मग तिसऱ्यांदा सांगा.”

यावर टेबल हसलं. मामा हसले नाहीत. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला आणि म्हणाले, “अजून आल्या नाहीत हो.”

तिसरा फोन तू शेजाऱ्यांकडून केलाय असं मी धरून चालले होते. पण आमच्या ऑफिसच्या हॉलबाहेरच्या व्हरांड्यात, भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या टेबलावरून तू तो केला होतास, काचेतून माझ्याकडे बघत, हे मला महिन्यानंतर तुझ्या बाविसाव्या पानावर कळलं. शेजारणीला बाबांपाशी बसवून तू मला न्यायला आला होतास. आत येऊन माझी मानगूट धरायला काय झालं होतं तुला? दार उघडंच होतं. हे मी आता लिहितेय आणि लाज वाटतेय, कारण यातही मी तुझीच चूक काढते आहे.

पाच वाजता बाबा गेले. मी सातला पोचले, ऑफिस सुटल्यावर, खांद्यावर पर्स. आत्या तुझ्यावर ओरडत होती, “पोरीला कळवायचं नाही का रे? एवढं सुचू नये?” आणि तू माझ्या तोंडाकडे बघून म्हणालास, “ऑफिसचा फोन लागत नव्हता, आत्या.”

मी मान हलवली. ‘हो, फोन बिघडलाय’ असंही म्हणाले बहुतेक. तू मला वाचवलंस आणि मी ते दानासारखं नाही, हक्कासारखं घेतलं. आत्या मरेपर्यंत टेलिफोनवाल्यांना शिव्या देत होती. मी त्यांच्यावर एक लेखही लिहिला होता. गाजला.

लोक विचारतील, मी का आले नाही. बाबांना तसं बघवत नव्हतं, असं लिहिता येईल, वाचणाऱ्याला पटेलही. पण तुला ते पटणार नाही. खरं असं आहे की मला तिथे कंटाळा यायचा. तू त्या खोलीत अकरा महिने काढलेस आणि मला एक तास निघत नव्हता.

मग महिन्याने तुझी पानं आली. बावीस बघितलं आणि मला पहिल्यांदा काय वाटलं, सांगू? की हे लोक बघतील. टेबलावरचे बाकीचे तिघं तर स्वतःला ओळखतील. मी आजोबांचं ते वाक्य लिहिलं, ‘आत ये नाहीतर बाहेर जा’, आणि माझ्या तोंडावर चिकटवलं. उरलेले एकशे छत्तीस फुगे मी त्यानंतर लिहिले. एका फुग्याला सोबत हवी म्हणून. एकटा विनोद संशयास्पद दिसतो.

कशावर हसत होतो आम्ही, ते आता आठवत नाही. ऑफिसातलं काहीतरी.

तर मी असं ठरवलंय. अंक फुग्यांशिवाय छापायचा. एकही शब्द नाही. कव्हरवर फक्त तुझं नाव. प्रस्तावनेत मी सगळं लिहीन आणि बाजूला होईन. लेकीला सांगितलं तर ती रडकुंडीला आली. “ताई, पण लोकांना आजोबा हवेत!” मी म्हटलं, मिळतील, पहिल्यांदाच मिळतील. वाक्य चांगलं जमलं, नाही? हे असं होतं माझं.

तुला हे मान्य असेल तर सही कर. मला वाटतं, न्याय्य आहे.

ताई

३ ऑगस्ट

धाकट्या,

पाकीट आलं. सहीची जागा कोरी. फॉर्मच्या मागे पेन्सिलीने दोन ओळी. बावीस वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, अजून तसंच, खाली उतरत जाणारं. तुझ्या दोन ओळी इथे उतरवते, म्हणजे मला त्या वाकवता येणार नाहीत:

“फुगे काढायचे नाहीत. जसं छापलं होतं तसंच छाप.

त्या दिवशी तुम्ही सगळे कशाला हसत होता?”

पहिल्या ओळीचं आधी. ती वाचून मला राग आला. मी एवढी उदार झाले आणि तू नाही म्हणतोस? दोन दिवस तणतणत फिरले. मग समजलं. फुगे काढले की पान स्वच्छ होतं, आणि पानाबरोबर मीही. लोक म्हणतील, बघा, बाईने किती मोठ्या मनाने चूक कबूल केली. एखादं मानपत्रही मिळेल, तिसरं. तू म्हणतोस, नाही, तो फुगा तिथेच राहू दे, तुझ्या तोंडावर, जिथे तू लावलास तिथे. बरोबर आहे. लेकीला तसं कळवलंय. तिला आनंद झाला, कारण तिला काहीच कळलेलं नाही. फुगे आता मी एकेक करून परत लावायला बसलेय. त्यांच्या जागा गोंदाच्या डागांवरून कळतात. प्रस्तावनेत मी फक्त एवढंच लिहितेय की कुठल्या फुग्याखाली काय आहे. पान नंबर आणि चौकट. विशेषणं नाहीत.

सही करणं न करणं तुझ्याकडे. हे पत्र वाचल्यावर तू करशील असं मला वाटत नाही, आणि ते धरूनच दुसऱ्या ओळीचं उत्तर देते.

‘आठवत नाही’ असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते खोटं होतं.

आदल्या रविवारी तू औषधं आणायला गेला होतास आणि मी बाबांपाशी होते. तासभर. त्यांना काहीतरी हवं होतं. तुझ्या चित्रातलं तोंड मिटलेलं आहे, कारण शेवटी-शेवटी त्यांनी प्रयत्नच सोडला होता. पण त्या रविवारी त्यांनी केला. उजवा गाल खाली घसरला, जीभ मध्येच अडकली आणि घशातून एक लांब, ओला आवाज आला.

गुरुवारी टेबलावर कुणीतरी सहज विचारलं, “वडील कसे आहेत?” चांगल्या मनाने विचारलं. तेवढ्या जागेत ‘तसेच आहेत’ म्हणता आलं असतं. मी उत्तर म्हणून चेहरा उजवीकडे पाडला आणि तो आवाज काढला. एक क्षण कुणी हसलं नाही. एकमेकांकडे बघितलं. माझी नक्कल पडली असं मला वाटलं, आणि मला ते सहन होत नाही, तुला माहीत आहे. म्हणून मी परत केली, जास्त चांगली. मग हसले. तेवढ्यात शिपाईमामा आले.

तुला हे माहीत होतं. बाविसाव्या पानावर त्या हसणाऱ्या बाईचं तोंड तू उजवीकडे उतरलेलं काढलंयस, त्या आजोबांसारखंच, त्याच दोन रेघांत. कापसाने फुगा निघाला तेव्हा मला पहिल्यांदा तेच दिसलं. तरी तू विचारलंस, म्हणजे तुला ते माझ्याकडून हवं होतं. माझ्याकडून घे: आम्ही बाबांना हसत होतो. आणि तो बडबडा आजोबा मी काही दोन दुपारींत बसून रचला नाही. टेबलावर जमला होता, म्हणून चोवीस पानं चालवला.

एक तू विचारलेलं नाहीस, तेही सांगते. त्या रविवारी बाबा पाणी मागत होते. मला ते पहिल्याच वेळी कळलं होतं. आवाज नीट ध्यानात राहावा म्हणून मी त्यांना आणखी एकदा मागू दिलं. मग उठले आणि पेला भरला.

ताई